उजवीकडची स्प्रिंग

झेंडू फुलायला लागला की माझ्या हातांना डिझेलचा वास येतो. हात साबणाने दोनदा धुतलेले असतात, तरी येतो. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, वय झालं तुमचं." वय झालं हे मला ठाऊक आहे. वयाचा आणि डिझेलचा काय संबंध?

सध्या आमच्याकडे दसरा काढणं चाललंय. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक बाहेर काढायचं, धुवायचं, वाळवायचं. गोधड्या कुंपणावर, पितळेची भांडी ओट्यावर, डब्यांची झाकणं वेगळी नि डबे वेगळे. मळ्यात झेंडू पिवळा होत असतो, भादव्याचं ऊन डोक्यात शिरतं, आणि आम्ही बायका पाण्यात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी दरवर्षी हे करते. पण ज्या वर्षी मी मोटारीचाही दसरा काढला, ते वर्ष वेगळं. त्याला आता चार वर्षं झाली.

मोटार मालकांची. मालक म्हणजे माझा नवरा. शहरातल्या एका डॉक्टरकडून त्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. गोल डोळ्यांची, पांढरी, दारं उलटीकडून उघडायची. तिचं नाव इंग्रजी, मला कधी नीट म्हणता आलं नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत तेवढं शिकवत नव्हते. गावात लोक हसले. फुलं विकायला कोणी मोटार घेतं का? मालकांनी घेतली. पहाटे मागच्या सीटवर झेंडूच्या टोपल्या, पुढच्या सीटवर शेवंती, आणि हे एकटे चालवत फुलबाजारात. पंचवीस वर्षं. नवरात्रात एकदा वणीच्या गडावर. तेव्हाही मी मागे, टोपल्यांच्या जागी पोरांना घेऊन. पुढे देवीच्या ओटीचं सामान. पुढच्या सीटवर मी कधी बसले नाही. जागाच नसायची.

मग एका वर्षी गाडीचं पुढचं चाक खडखडायला लागलं. मालकांचा धाकटा भाऊ दत्तू अंबडला कंपनीत फिटर होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा, नाक पुसत फिरायचा. म्हणून मी त्याला अजून अरे-तुरे करते आणि तो मला अहो वहिनी. त्याने गाडीचं पुढचं सगळं उघडलं, दोन्ही चाकांचं. मालक शेजारी उकिडवे बसून बघत होते. त्याच दिवशी दुपारी दोघांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं. कोणाचं चुकलं ते मी सांगणार नाही. दोघांचं चुकलं. दत्तू हात न धुता उठला आणि म्हणाला, "या विहिरीच्या पाण्याला परत शिवणार नाय." मालक म्हणाले, "नको शिवू." झालं. गाडी विटांवर राहिली आणि भाऊ वस्तीच्या त्या टोकाला.

अकरा वर्षं. आठव्या वर्षी मालक गेले. दत्तू आला, लांब उभा राहिला, दहाव्याला आला, पाणी न पिता गेला.

त्या वर्षी माझ्या मुलाने, राजूने, ठरवलं की गाडीचं शेड पाडायचं आणि तिथे फुलं भरायला पक्की खोली बांधायची. "दसऱ्याचा बाजार झाला की पाडतो," म्हणाला. "गाडी चाकांवर उभी राहिली तर जांभळाखाली ठेवू. नाही राहिली तर भंगारवाला येईल, उचलून नेईल." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. विटांवरची गाडी म्हणजे कोंबड्यांचं घर.

हे दत्तूच्या कानावर कोणी घातलं माहीत नाही. पित्रांच्या पंधरवड्यात एका सकाळी तो दारात उभा. अंगाने वाळलेला, उजवा हात खिशात.

"वहिनी, गाडी बसवतो म्हणतो."

"आता आलास? ज्याची गाडी तो गेला."

"हां."

"पित्रांत नवं काम धरतात का?"

"नवं कुठंय? मीच उघडलेलं राहिलंय." मग त्याने खिशातला हात बाहेर काढला. तो हात आपला आपण हलत होता, सुपाने पाखडल्यासारखा. "डॉक्टर म्हणतो वाढत जाणार. आता धरलं नाय तर मग नाय होणार."

मी हाताकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, "परवा ये. पोती काढून ठेवते."

सुटे भाग दोन पोत्यांत होते. मालकांनीच भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवलेले. मी ओतले तर ग्रीस, माती, उंदरांच्या लेंड्या. घरात सगळं चकचकीत आणि हे असं? मला बघवेना. घमेल्यात डिझेल घेतलं, मग राख, मग नारळाची शेंडी. दोन दिवस घासलं. गंजाच्या खालून लोखंड निघत गेलं. स्प्रिंगा धुतल्या, दांडे धुतले, पत्र्याच्या गोल पातळ चकत्या होत्या त्या तर मी हळदी-कुंकवाच्या वाट्यांसारख्या घासल्या. भागांना कसल्या कसल्या चिंध्या बांधलेल्या होत्या, काही लाल, काही पांढऱ्या, कुजून काळपट झालेल्या. त्या सोडल्या आणि बंबात घातल्या.

दत्तू आला. येताना त्याने खांद्याला निळी पाण्याची बाटली अडकवली होती आणि फडक्यात भाकरी. ते बघून मी पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. ओट्यावर मांडलेला पसारा बघून तो थबकला.

"कोणी धुतलं?"

"मी. दसरा काढला त्याचाबी."

"लय भारी केलंय, वहिनी. देव्हाऱ्यात मांडायचं का?" तो हसला. मग त्याने चकत्यांचं ताट बघितलं आणि हसू गेलं. "या एकत्र केल्या?"

"घासल्या नि एका ताटात ठेवल्या. का?"

"डावीकडच्या वेगळ्या, उजवीकडच्या वेगळ्या असतात. या बोल्टांत घालायच्या. एक चकती कमी-जास्त झाली तरी चाक वाकडं बसतं. गाडी सरळ रस्त्यावर बाजूला ओढते. टायर खाते."

मग मला सांगावंच लागलं. "चिंध्या होत्या. काहींना लाल, काहींना पांढऱ्या. मी जाळल्या."

"चिंध्या?" दत्तू म्हणाला. "मी नाय बांधल्या चिंध्या. मी तर पाना टाकून तसाच उठलो होतो. सगळं एका घमेल्यात होतं."

मला तेव्हा कळलं. लाल चिंध्या माझ्या लुगड्याच्या होत्या. त्या वर्षी माझं एक जुनं लाल लुगडं हरवलं होतं आणि मी सुनेला चार दिवस बोलले होते. पांढऱ्या त्यांच्या धोतराच्या. दत्तू रागाने निघून गेल्यावर, डोळ्यांत अजून ताजं होतं तेव्हाच, मालकांनी बसून एका बाजूचं लाल, एका बाजूचं पांढरं असं बांधून ठेवलं होतं. त्यांना बसवता येत नव्हतं. वेगळं ठेवता येत होतं, तेवढं केलं. बसवणारा एकच होता आणि तो येणार, हे धरून केलं. आणि बोलले मात्र कोणाशी नाहीत. मला नाही, भावाला नाही.

दत्तू ओट्याच्या कडेला बसला.

"मग मला बोलावलं का नाय त्यानं?"

"तू आला का नाहीस?"

चिंध्या अकरा वर्षं टिकल्या आणि मी त्यांना एका सकाळी बंबात घातलं, त्यावर पाणी तापवून आंघोळ केली. मला रडू आलं नाही. स्वतःचा राग आला. स्वच्छतेचा एवढा सोस काय कामाचा, असंही वाटलं. पण तो सोस काही गेला नाही. कालच डबे धुतले.

त्यानंतरचे दिवस मला आजही एकेक करून आठवतात. ऊन चढायचं, मळ्यात बाया फुलं तोडायच्या, आणि शेडमध्ये आम्ही दोन म्हातारे. राजू कामाच्या आधी येऊन जड काय ते उचलून द्यायचा. दत्तूची मुदत पक्की होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पाने, विळे, खुरपी धुऊन पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही. तो बत्तीस वर्षं कंपनीत हे पाळत आला होता. त्यामुळे अष्टमीपर्यंत गाडी उभी राहायला हवी होती. दसऱ्यानंतर शेडच राहणार नव्हतं.

त्याच्या हाताचं मला नवल वाटायचं. रिकामा असला की हलायचा, मांडीवर ठेवला तरी हलायचा. पण पान्याची पकड नटावर बसली की थांबायचा. एकदम. जणू हाताला काय हवं होतं ते मिळालं. मी नुसती बघत बसायची. देवळात गेले तरी माझं मन इतकं एका जागी राहत नाही. आता त्याचा हात पान्यावरही थांबत नाही. तो येतो, ओट्यावर बसतो, मी त्याच्या चहाची बशी अर्धीच भरते. पण त्या पंधरा दिवसांत तो थांबत होता.

गाडीच्या पुढच्या चाकाला दोन हात धरून ठेवतात, एक वरचा, एक खालचा. गॅरेजवाले त्यांना आर्म म्हणतात. मला हात हाच शब्द बरा वाटला. खालचा हात आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये स्प्रिंग दाबून बसवायची. दीड वीत उंच, करंगळीपेक्षा जाड सळईची. मी इतकी वर्षं त्या गाडीकडे बघितलं, पण तिच्या आत असं काही असेल हे मला माहीत नव्हतं. खड्डा आला की चाक वर जातं, हात दुमडतो, स्प्रिंग दबते, आणि माणूस जागच्या जागी. मालक गडाच्या घाटातून यायचे तेव्हा टोपलीतल्या शेवंतीची पाकळी पडत नसे. मी समजायची ते जपून चालवतात. चालवत असतीलही. पण खालून हे सगळं खाली-वर होत होतं, आम्हाला न सांगता.

चकत्यांचं कोडं तीन दिवस सुटत नव्हतं. आठ चकत्या. कुठे किती? दत्तू म्हणाला, "अंदाजानं घालू, मग रस्त्यावर बघू." पण बघणार कधी? शेवटी तो पलीकडे भाकरी खात होता तेव्हा मी गाडीखाली डोकं घातलं. मोतीबिंदू काढल्यापासून मला त्याच्यापेक्षा चांगलं दिसतं. ज्या बोल्टांत चकत्या घालायच्या ते दोन्हीकडचे दोन-दोन बोल्ट गाडीच्या अंगावरच राहिलेले होते, ते काही पोत्यात गेले नव्हते. प्रत्येक बोल्ट गंजून काळा पडला होता, पण मुळाशी एक पट्टा उजळ होता. उजवीकडच्या बोल्टांवर अरुंद, डावीकडच्यांवर रुंद.

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. मालक गेल्यावर बांगड्या काढल्या. बांगड्यांच्या जागी कातडी अजून गोरी आहे.

"दत्तू," मी हाक मारली, "इकडे ये. चकत्या कुठं बसल्या होत्या ते लोखंडानं लिहून ठेवलंय."

तो आडवा होऊन आत शिरला. टॉर्च मी धरली. त्याने एकेक चकती पट्ट्यावर धरून बघितली. उजवीकडे प्रत्येक बोल्टाला एक. डावीकडे तीन-तीन. आठ. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही.

"बत्तीस वर्षं फिटर होतो मी," तो गाडीखालूनच म्हणाला. "तुम्ही अंबडला यायला पाहिजे होतं, वहिनी."

"मग भाकऱ्या कोणी थापल्या असत्या?"

स्प्रिंग बसवायचा दिवस. खालून जॅक लावला की स्प्रिंग दबायच्या ऐवजी गाडीच वर उठायची. एवढी वर्षं रिकामी उभी, वजन नाही. म्हणून बॉनेट काढून आडवी फळी टाकली, फळीवर राजूने खताच्या गोण्या रचल्या. तरी थोडं कमी पडत होतं. दत्तूने माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, बसता का?"

"कुठं?"

"गोण्यांवर."

राजू हसायला लागला. "आई, तुझ्या वजनाचा आज पहिल्यांदा कोणाला तरी उपयोग होतोय."

स्टुलावरून मला दोघांनी वर चढवलं. लुगडं सावरून मी गोणीवर बसले, देवीसारखी. दत्तूने स्प्रिंगेतून साखळी ओवून बांधली, सुटली तर माणूस मरतो म्हणाला. मग जॅकचा दांडा हलायला लागला. एकेक टक. माझ्या खाली काहीतरी दबत होतं ते मला कळत होतं. आवाज नाही, हिसका नाही. माझं, गोण्यांचं, अर्ध्या गाडीचं वजन ती करंगळीएवढी सळई अंगात घेत होती आणि गप्प होती. मी आयुष्यात बैलांचं बळ बघितलंय, पुराचं बघितलंय. ते ओरडतं, धावतं. हे नुसतं मिटून बसत होतं. माझ्या अंगावर काटा आला. ह्या वयात, खताच्या गोणीवर.

"हलू नका," खालून दत्तू म्हणाला. "वरचा बोल्ट गेला. काटापिन द्या कोणीतरी, माझ्यानं बारीक नाय होत."

काटापिन मी घातली, खाली उतरल्यावर. नटाच्या भोकातून ओवायची आणि टोकं दुमडायची. सुईत दोरा ओवण्यासारखंच.

ही झाली डावी बाजू. उजवीची पाळी आली तेव्हा मी राहिलेली स्प्रिंग उचलून दत्तूला द्यायला गेले आणि थांबले. आदल्या दिवशी ओट्यावर दोन्ही शेजारी उभ्या होत्या तेव्हा माझ्या एक लक्षात आलं होतं आणि मी ते कोणाला बोलले नव्हते. वाटलं, मी घासताना काही बिघडवलं की काय.

"दत्तू, ही बुटकी आहे. बोटभर."

त्याने ती हातात घेतली. दुसरीचं माप त्याच्या डोक्यात होतं. वीत लावली, बोट लावलं.

"बिघडली नाय," तो म्हणाला. "बसलीय. ही उजवीकडची. चालवणाऱ्याच्या बाजूची."

मालक अंगाने भारी होते. पंचवीस वर्षं रोज पहाटे ते उजवीकडे बसले. डावीकडे शेवंती बसली. फुलाला वजन नसतं.

मी ती स्प्रिंग परत माझ्या हातात घेतली. थंड होती, डिझेलचा वास येत होता. माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचे कपडे मी वाटून टाकले होते, काठी राजूने दिली कोणाला तरी. फोटो आहे, पण फोटोला वजन नसतं. आणि इथे लोखंडात त्यांचं वजन होतं. बोटभर. मोजून दाखवता येत होतं. मी ते दोन दिवस राखेने घासलं होतं आणि ते निघालं नव्हतं.

दत्तू म्हणाला, "वहिनी, होती तिथं बसवली तर गाडी उजवीकडं थोडी कलती उभी राहील. दादाच्या वेळेला राहायची तशी. उलट केली, ही डावीकडं नि लांबवाली उजवीकडं, तर चालवणारा बसल्यावर सरळ राहील. पण डावी बाजू परत उघडावी लागेल. तुम्ही म्हणाल तसं."

राजू म्हणाला, "असू दे ना काका, बाबांची आहे तशी. आठवण म्हणून."

मी विचार केला. फार नाही केला.

"उलट कर," मी म्हणाले. "ते बसणार नाहीत आता त्यात. जो बसेल त्याला सरळ जायला पाहिजे."

परत डावी बाजू उघडली. परत गोण्या, परत मी वर. अष्टमीच्या दुपारी दोन्ही चाकं चढली आणि दत्तूने जॅक सोडला. गाडी हळूहळू खाली आली. अकरा वर्षांनी तिने आपलं वजन आपल्या पायांवर घेतलं. दत्तूने मडगार्डवर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं. ती खाली गेली, वर आली, आणि थांबली. एकदाच. डुगडुगली नाही.



"बस आत," मी दत्तूला म्हणाले. "बघू दे सरळ आहे का."

तो चालवणाऱ्याच्या जागेवर बसला. मी पुढून गेले. जमिनीपासून मडगार्डपर्यंत उजवीकडे वीत लावली. तीन वीत दोन बोटं. डावीकडे गेले, वाकले, परत लावली. तीन वीत दोन बोटं.

"सारखी हाय," मी ओरडले.

दत्तू काचेतून समोर बघत होता. समोर फक्त शेडची भिंत होती. पाना बाजूला ठेवलेला, त्यामुळे हात परत हलायला लागला होता, स्टिअरिंगवर टकटक वाजत होता. निळी बाटली शेजारच्या सीटवर होती, अर्धी भरलेली.

"वहिनी," तो म्हणाला, "तांब्याभर पाणी द्या."

मी घरात गेले. माठातून तांब्या भरला. विहिरीचंच पाणी, आमच्याकडे दुसरं नसतं. आणून दिला. त्याने दोन्ही हातांनी धरला तरी तांब्या हलत होता. अर्धं पाणी स्टिअरिंगवर, सीटवर, मांडीवर गेलं. राहिलेलं तो एका दमात प्यायला.

सांडलेलं मी पुसलं नाही. ऊन होतं, वाळणारच होतं.